स्टॉपरला अख्खं मैदान दिसतं

पत्र

बाई, सा. न. वि. वि.

मी रावेर तालुक्यातला, वय 27. शाळेपासून फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळत आलो, जिल्ह्याकडून खेळलो, विद्यापीठाच्या संघात होतो. तीन वर्षांपूर्वी एका व्यावसायिक क्लबच्या निवड चाचणीत शेवटच्या सहांत पोचलो आणि त्याच आठवड्यात उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. क्लबकडून पुन्हा फोन आला नाही. ऑपरेशन झालं. चालतो, पळतो, पण नव्वद मिनिटं खेळणं संपलं. आता बीपीएड करून सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत मानधनावर खेळ शिकवतो.

मनात एकच आहे. एक दिवस भारताच्या 17 वर्षांखालच्या संघाचा कोच व्हायचं. हे बोललं की मित्र म्हणतात, खान्देशातून? तेही डिफेंडर? गोल करणाऱ्याला कोणी विचारत नाही, तुला कोण विचारणार? अण्णा म्हणतात, मामाच्या कृषी केंद्रात बस, स्थळं येताहेत. त्यात आमच्या संस्थेचे अध्यक्ष मागे लागलेत. जिल्हा स्पर्धेत दोन मोठी पोरं दाखला बदलून उतरव, जिंकलो तर तुला कायम करतो. ती दोघं खेळली तर माझा एक पावरा आदिवासी पोऱ्या बाहेर बसेल. डाव्या पायाचा आहे, अंगानं लहान आहे, पण बॉल कुठं येणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

बाई, सोडून देऊ का फुटबॉल?

उत्तर

पोरा, तुझं पत्र तीनदा वाचलं. मी शेवटाकडून सुरुवात करते, कारण शेवटचं काम याच आठवड्यातलं आहे. बाकीच्याला दहा-पंधरा वर्षं आहेत.

दाखला बदलायचा नाही. अध्यक्षांना नाही सांगायचं.

हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाही. माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी मी तेच केलं होतं, जे तुला आज करायला सांगितलं जातंय. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत सोळा वर्षांचा एक दणकट मुलगा मी उतरवला. कागद कुठून आला हे मला माहीत होतं आणि मी विचारलं नाही. त्याच्यामुळे ज्याची जागा गेली तो राखीव खेळाडूंच्या सतरंजीवर बसला होता. आईनं घरी शिवलेली निळी चड्डी, मोठ्या भावाचे बूट, पायातून निघू नयेत म्हणून नाडीला दोन-दोन गाठी. सामना संपेपर्यंत त्यानं त्या गाठी सोडल्या नाहीत. शेवटच्या मिनिटापर्यंत त्याला वाटत होतं, बाई हाक मारतील. आम्ही तीन गोलांनी जिंकलो. पेढे वाटले, त्यानं पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही. आज तो कुठं असतो हे मला ठाऊक आहे. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्या दिवसाबद्दल त्याच्याशी बोलायला माझी जीभ आजवर उचलली नाही.

तुला ज्या खुर्चीची आस आहे, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आपल्या या खोट्या दाखल्यांचाच सगळ्यात मोठा फटका बसतो. मनगटाजवळ हाडांच्या टोकांना वाढीच्या कूर्चा असतात. वय वाढतं तशा त्या हाडात मिसळून जातात. म्हणून आपल्याकडं हाताचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू3 नावाच्या पद्धतीनं हाडांचं वय काढतात. फिफानं 2009 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. खोटं वय लावून जिल्हा आणि राज्य जिंकलेला पोरगा शिबिरात पोचतो आणि त्या यंत्रापुढं बाद होतो. तोवर खऱ्या वयाचा पोरगा खेळ सोडून शेतात लागलेला असतो. मग देशाच्या कोचनं निवडायचं कोणाला?

अध्यक्षांशी बोलताना आवाज चढवू नकोस. एवढंच म्हण, “साहेब, संघाच्या यादीवर सही माझी असते. तपासणी झाली तर शाळा बाद होईल आणि नाव तुमचं येईल.” तरी ऐकलं नाही तर म्हण, मला लेखी द्या. लेखी कोणी देत नसतं. आणि कायम करण्याचं म्हणशील, तर अनुदानित पदाला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, भरती पवित्र पोर्टलवरून होते. चषक दाखवून ती मान्यता मिळत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. जे त्यांच्या हातात नाही, ते तुला देऊ करून ते तुझी सही मागताहेत.

आता डिफेंडरचं.

तुझ्या मित्रांचं ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण ज्यानं आयुष्यभर मागे उभं राहून खेळ पाहिला, त्याच्या इतका कोच व्हायला लायक दुसरा कोण? माझे वडील रेल्वेत होते. भुसावळला रेल्वेच्या मैदानावर संध्याकाळी ते मला गोलच्या मागं बसवायचे. तिथून मला पुढच्या फळीतली पोरं फक्त पाठमोरी दिसायची. पण स्टॉपर ओरडायचा ते शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. “मागे माणूस!” “सोड त्याला, बाहेर जाऊ दे!” “लाइन वर घे!” त्याच्या तळहाताची एक खूण मला अजून आठवते. हात पाठीमागं नेऊन तो बोटं जमिनीकडं दाबायचा, म्हणजे उजवा बॅक जो उगाच पुढं निघालाय त्यानं थांबावं. मान न वळवता. उजवा बॅक थांबायचा. पुढच्याला बॉल आणि गोल दिसतो, गोलकीपरला सगळं दिसतं पण तो लांब असतो. स्टॉपरला अख्खं मैदान दिसतं आणि बोलायलाही लागतं. तू पंधरा वर्षं दुसऱ्यांना जागेवर उभं करत आलास. कोचचं काम याहून फार वेगळं नसतं.

आणि याची माणसं आहेत. गोव्याचे डेरिक परेरा साळगावकर क्लबच्या बचावात खेळायचे. साळगावकरनं 1988 आणि 1989 असा लागोपाठ दोन वर्षं फेडरेशन कप जिंकला, त्या जमान्यातले ते खेळाडू. कोच म्हणून त्यांनी आपल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली. मग पुण्यात आले. पुणे एफसी त्यांच्या हाताखाली 2009-10 च्या आय-लीगमध्ये तिसरं आलं, 2012-13 मध्ये दुसरं. हे सगळं झाल्यावर 2019 मध्ये भारताच्या 23 वर्षांखालच्या संघाला घेऊन ते ताश्कंदला आशियाई पात्रता फेरीसाठी गेले. मधली वर्षं मोज, कारण तुझे मित्र ती मोजत नाहीत.

नौशाद मूसा हेही बचावपटू. बंगळुरू एफसीत ते दुय्यम फळीची पोरं घडवायचे. 2021 च्या सुरुवातीला मुख्य कोच गेल्यावर संघ अचानक त्यांच्या हाती आला. त्याच वर्षी ड्युरँड कपला क्लबनं जवळजवळ कोवळी पोरंच पाठवली आणि ती उपांत्य फेरीपर्यंत पोचली, गोव्याकडून पेनल्टीवर हरली. 2025 मध्ये मूसा भारताच्या 23 वर्षांखालच्या संघाचे कोच म्हणून दोह्यात होते. बहारीनला 2-0 नं हरवलं, कतारकडून 1-2 असे हरले, ब्रुनेईला सहा गोल मारले, आणि आशियाई चषकाचं तिकीट थोडक्यात हुकलं. महेश गवळी तर आपल्या बचावातलं मोठं नाव, 2003 ला ईस्ट बंगालनं आसियान क्लब कप जिंकला त्या संघातले. 2023 च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई, स्पर्धेत मुख्य कोच स्टिमॅच यांच्यावर बंदी आली, तेव्हा उपांत्य आणि अंतिम सामन्यात बाकावर गवळी उभे होते. लेबनॉन आणि कुवेत, दोन्ही सामने पेनल्टीवर गेले आणि दोन्ही भारतानं जिंकले.

बाहेर बघायचं तर इटलीचे चेझारे माल्दिनी. मिलानचे बचावपटू, 1963 ला युरोपियन कप उचललेले कर्णधार. 1986 पासून दहा वर्षं ते इटलीच्या 21 वर्षांखालच्या संघापाशी राहिले आणि 1992, 1994, 1996 अशा तीन युरोपीय स्पर्धा ओळीनं जिंकल्या. दहा वर्षं पोरांबरोबर. मोठ्या संघाची खुर्ची त्यानंतर आली.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं, ते क्लबचा फोन आला नाही हे. ते तू साध्या शब्दांत लिहिलंयस, पण शाई तिथं जड झालीय. म्हणून तुला इंग्लंडच्या गॅरेथ साउथगेटची गोष्ट सांगते. तोही मागच्या फळीचा. 1996 च्या युरोत, लंडनला घरच्या मैदानावर, उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध त्याची पेनल्टी अडवली गेली आणि इंग्लंड बाहेर पडलं. खेळणं थांबवल्या-थांबवल्या 2006 मध्ये तो थेट मिडल्सब्रो क्लबचा मॅनेजर झाला. वरचा परवाना हातात नव्हता, खास परवानगी काढावी लागली. 2009 मध्ये संघ खालच्या विभागात घसरला आणि त्याच वर्षी त्याला काढलं. चाळिशीच्या आत दोन मोठ्या हारी, दोन्ही सगळ्या देशासमोर. मग तो पोरांकडं आला. 2013 पासून 21 वर्षांखालचा संघ. हॅरी केन, जॉन स्टोन्स, जॉर्डन पिकफर्ड ही पोरं तिथं त्याच्या हाताखालून गेली. पुढं इंग्लंडचा मोठा संघही त्याच्याकडं आला. 2018 च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध सामना पेनल्टीवर गेला तेव्हा इंग्लंडनं विश्वचषकातली पहिली पेनल्टी-लढत जिंकली, कारण त्या पोरांनी महिनोन्‌महिने पेनल्टीचा सराव केला होता. मध्यरेषेपासून ठिपक्यापर्यंत कसं चालत जायचं, हेसुद्धा.

त्यानं पोरांना हे सांगितलं नाही, की माझी 96 ची उधारी तुम्ही फेडा. जे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, ते त्यानं त्यांना शिकवलं. तुझं गुडघ्याचं दुःख खरं आहे आणि ते तुझं आहे. ते पोरांच्या पाठीवर ठेवू नकोस. त्यांना पाय रोवून गर्रकन न वळता लहान पावलं टाकत वळायला शिकव, मांडीच्या मागचे स्नायू बळकट करायला शिकव, उडी मारून गुडघा वाकवून उतरायला शिकव. गुडघ्याची निम्मी लढाई तिथंच असते. तुला हे कोणी दाखवलं नव्हतं, नाही ना?

आता पायऱ्या. तुला स्वप्न सांगता येतं पण पहिली पायरी पत्रात कुठंच नाही, म्हणून जरा रागानंच लिहिते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना घे. महाराष्ट्रात हे काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आपली विफा, बघते. वय 18 च्या वर असलं की करता येतो, काही दिवसांचा वर्ग असतो. मग सी, बी, ए, आणि सगळ्यात वर प्रो. दोन परवान्यांच्या मध्ये संघ हाताळल्याचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणजे शाळेची टीमसुद्धा तुझी कमाई आहे, तारखेनिशी वही ठेव. सरकारी कोचच्या जागांवर नजर असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा बघ. एक वर्ष घराबाहेर राहावं लागेल, अण्णांशी तेवढ्यापुरतं आधी बोल.

अण्णांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. घरात केळी आहे आणि केळीचा भाव दर आठवड्याला वेगळा. मुलगा मानधनावर, बापाला झोप कशी लागेल? म्हणून कृषी केंद्राला नाही म्हणू नकोस. दुपारी बस. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या पुढं जातो, दहानंतर पोरांना मैदानावर ठेवणंच गुन्हा आहे. सराव सकाळी सहा ते साडेसात, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. मधली वेळ दुकानाची. दुकानातून येणाऱ्या पैशातून परवान्याची फी भर. मामांना आधीच सांग, वर्षातून इतके दिवस मी नसेन. लग्नाचं म्हणशील तर मुलीला पहिल्याच भेटीत सांग की रविवार मैदानाचे असतात. लपवून केलेला संसार आणि लपवून केलेला दाखला, दोन्ही उघडे पडतात.

“खान्देशातून?” याचं उत्तर मी एका वाक्यात देत नाही. आपल्याकडं कोल्हापूरसारखं फुटबॉलचं वेड नाही, हे मान्य करू. 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच्या गावात तालमी-तालमींचे संघ आहेत, गल्लीगल्लीत बॉल आहे. आपली नाशिक विभागात गाठ पडते, आणि विभागाच्या पुढं जाणारी शाळा क्वचित. पण त्याच 2017 च्या सप्टेंबरात राज्य सरकारच्या उपक्रमात शाळाशाळांत बॉल आले होते, दहा लाख पोरांनी एका दिवशी खेळायचं म्हणून. किती शाळांत ते बॉल पुढच्या वर्षी दिसले? बॉल आले, शिकवणारा आला नाही. ती जागा रिकामी आहे. तू तिथंच उभा आहेस.

आता तुझा पावरा पोऱ्या. त्याची जन्मतारीख बघितलीस का? पैज लावून सांगते, दाखल्यावर 1 जून असेल. आपल्याकडं पाड्यावरच्या पोरांचा जन्म गुरुजींनी शाळेत नाव घालताना ठरवलेला असतो. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून 1 जून, आणि साल अंदाजानं. तो पोरगा खरंच दिवाळीनंतर जन्मला असेल किंवा कागदापेक्षा वर्षभर लहान असेल, तर तो इतकी वर्षं आपल्याहून मोठ्यांशी खेळतोय. 17 वर्षांखालच्या गटात रेघ 1 जानेवारीला मारतात. जानेवारीचा पोरगा आणि डिसेंबरचा पोरगा एकाच गटात येतात, आणि चौदाव्या वर्षी त्या अकरा महिन्यांत बोटभर उंची नि पाच किलो वजन मावतं. जगभर निवड समित्या या मोहात पडतात. वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली पोरं भराभर निवडली जातात, शेवटची गळतात. देशाचा कोच व्हायचंय ना, मग हा मोह ओळखायला इथंच शिक.

तू केळीच्या घरातला आहेस, तुला वेगळं सांगायला नको. आता टिश्यूकल्चरची रोपं येतात, पण तुझे आजोबा मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिलं, निवडायचे ना? रुंद पानाचं मुनवं दिसायला तरतरीत असतं, नवखा तेच उचलतो. जाणता अरुंद, तलवारीसारख्या पानाचं घेतो, कारण त्याचा कंद खाली भरलेला असतो. आजोबा कसं ओळखायचे ते अण्णांना विचार. हा प्रश्न तू विचारलास की अण्णांनाही तुझं काम थोडं कळेल, असं मला वाटतं.

पोऱ्याच्या घरी जा. आईला विचार, पाऊस होता का, होळी होऊन गेली होती का, कापूस वेचणीला होता का. अंगणवाडीताईच्या रजिस्टरात लस दिल्याची नोंद असेल तर ती बघ. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद झालेली नसेल तर उशिराच्या नोंदीसाठी सरकारी कचेरीत अर्ज करावा लागतो, हेलपाटे पडतील, पण पोराच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला हा कागद लागणार आहे, फुटबॉल असो वा नसो. वर्गातल्या इतर पोरांचंही त्याच फेरीत बघून घे.

आणि जिल्ह्याच्या सामन्यात त्याला डाव्या बॅकला खेळव. डाव्या पायाचा, पुढचं आधी दिसणारा, मग त्याला बाहेर कशाला ठेवतोस? उंच पोरं त्याच्या अंगावर येतील, तेव्हा तू रेघेबाहेरून ओरडू नकोस. आधी सांगून ठेव, की अंगाला अंग लावायचं नाही, एक पाऊल मागं राहायचं, आणि बॉल त्याच्या पायापासून सुटला की मग जायचं. हे तुला तुझ्या स्टॉपरच्या वर्षांत कळलंय, त्याला आत्ताच कळू दे. पहिल्या फेरीत हरलात तरी मला पत्र लिही. त्यानं किती वेळा बरोबर वेळ साधली, ते मोजून लिही.

तुझी,
बाई